एक मीटरच्या खुणेवर

मागच्या आठवड्यात लातूरला होते. नांदेडच्या आमच्या लॅबमध्ये आम्ही रेडिएशन मोजणारा एक डिटेक्टर तयार करतोय, त्याचं टेस्टिंग तिथल्या एका हॉस्पिटलमध्ये होतं. दिसायला टिफिनएवढा डबा… पण माझी दोन वर्षं त्यात गेलीत.

आत एक छोटा क्रिस्टल असतो. किरण आदळला की तो क्षणभर उजळतो, डोळ्यांना दिसणारही नाही इतका, आणि ते उजळणं एक चिप मोजते. लॅबमध्ये सगळं छान चाललं होतं. आता खऱ्या पेशंटसमोर बघायचं होतं.

पेशंट होत्या वनिताताई. शिरूर अनंतपाळजवळच्या एका गावच्या, अजून तिशीही न गाठलेल्या. थायरॉइडच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यानंतर किरणोत्सारी आयोडीनची गोळी दिली होती.

हे औषध अंगात असेपर्यंत पेशंटच्या शरीरातूनच किरणं बाहेर पडत राहतात… म्हणून खोलीत एकटीलाच ठेवतात. एक मीटरवरून घेतलेलं रीडिंग मर्यादेच्या खाली आलं की सुट्टी.

घरी त्यांची अडीच वर्षांची मुलगी, परी. या गोळीसाठी तिचं अंगावरचं दूधही तोडावं लागलं होतं. व्हिडिओ कॉल लावला की ती आईकडे पाठ करून बसायची. "रुसलीय ओ मॅडम. फोनातली आई नको हाय तिला," वनिताताई हसत म्हणाल्या… आणि हसता हसता खिडकीकडे तोंड फिरवलं.

सुट्टी मिळाली तरी लगेच परीला जवळ घेता येणार नव्हतं. आणखी काही दिवस वेगळ्या खोलीत राहायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"जवळ नसंना का… दारातून खेळताना तर दिसंल. आवाज तर कानावर पडंल."

एवढंच हवं होतं त्यांना.

फरशीवर एक मीटर मोजून दोन खुणा केलेल्या होत्या. एकीवर पेशंटनं उभं राहायचं, दुसरीवर रीडिंग घेणारं मीटर. आधी हॉस्पिटलचे रेडिएशन सेफ्टी ऑफिसर कदम सर त्यांच्या मीटरनं रीडिंग घेणार, आणि सुट्टी त्याच्यावरच ठरणार. मग आमचा डिटेक्टर. "हे दुसरं फक्त आमच्या टेस्टिंगसाठी आहे ताई, तुमच्या सुट्टीशी त्याचा संबंध नाही," असं मीच त्यांना समजावलं होतं.

कदम सरांचं रीडिंग मर्यादेच्या थोडंसं खाली आलं. वनिताताईंनी तिथूनच वर हात जोडले. खाली झाडाखाली त्यांचे मालक सामानाची पिशवी भरून बसलेच होते.

मग आमचा डबा स्टँडवर लावला. रीडिंग जवळपास दीडपट!

बॅटरी बघितली, केबल बघितली, लॅपटॉप बंद करून परत चालू केला. तेच. कदम सर समजुतीच्या सुरात म्हणाले, "आमचं मीटर नुकतंच कॅलिब्रेट होऊन आलंय, मॅडम. तुमच्यातच काहीतरी गडबड असणार. यांना सोडू आपण."

मी "हो सर" म्हटलं आणि दारात बसून वायरी गुंडाळायला लागले. दोन वर्षं… आता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. रडू आवरत होते, पण बहुतेक चेहऱ्यावर सगळं दिसत असावं.

"मॅडम," आतून हाक आली. "तुमची मशीन बिघडली न्हाई."

वनिताताई खाली बघत होत्या. हॉस्पिटलचा गाउन पार फरशीपर्यंत लोळत होता, पायाची बोटंसुद्धा दिसत नव्हती.

"सरांच्या टायमाला मी वीतभर मागं सरकले होते… लांब गेलं की आकडा कमी येतो, काल शिस्टरकडून ऐकलं होतं. तुमच्या टायमाला बराबर खुणेवर हुते. म्हटलं, ह्याचा काय संबंध न्हाई."

मग कदम सरांनी हळू आवाजात सांगितलं, "गाउन जरा वर धरा ताई." पुन्हा खुणेवर उभं करून दोन्ही रीडिंग घेतली. दोन्ही मशीनचे आकडे जुळले… आणि दोन्ही मर्यादेच्या वर होते.

माझा डिटेक्टर बरोबर होता. दोन वर्षं ज्या क्षणाची वाट बघितली तो असा आला, आणि मला त्या बाईकडे बघवेना. "कशाला सांगितलंत हो ताई?" एवढंच कसंबसं बोलले.

"तुमचं तोंड किती उतरलं होतं… लेकराचं काय दुखलं-खुपलं की आईचं उतरतं ना, तसं." मग त्या कॉटवर जाऊन बसल्या. "जाऊ द्या. आजची रात काढते अजून."

खाली मालकांना निरोप द्यायला मीच गेले. त्यांनी पिशवीतून फुगे-बाहुल्यांचा एक लहानसा फ्रॉक काढला, नीट घडी करून परत ठेवला आणि विचारलं, "जेवली का ती?"

दुसऱ्या दिवशी दोन्ही मशीनवर आकडे खाली आले आणि वनिताताईंना सुट्टी मिळाली. जाताना माझ्याजवळ येता येता त्या मध्येच थांबल्या, अंतर ठेवून. "तुमाला पन नको बाधायला," म्हणाल्या.

नांदेडला घरी पोचले तेव्हा माझी लेक हेडफोन लावून अभ्यास करत होती. आता नववीत आहे, जवळ घेतलं की "काय गं आई…" म्हणून अंग चोरते. त्या दिवशी तिच्या खोलीच्या दारात मी बराच वेळ नुसती उभी राहिले. तिला कळलंही नाही.

वेगळ्या खोलीतले दिवस संपले, आणि आज सकाळी वनिताताईंच्या मालकांनी फोटो पाठवला. परी आईच्या मांडीवर गाढ झोपलीय, तोंड उघडं, एका मुठीत आईचा पदर. वनिताताईंचं कॅमेऱ्याकडे लक्षच नाही.

लॅबमध्ये सगळे माझं अभिनंदन करतायत. पण ताई, त्या दिवशी तुम्ही गप्प राहिला असतात तर तुम्हाला कुणीही काही म्हटलं नसतं… परीपासून लांबची ती एक रात्र तुम्ही माझ्यासाठी काढलीत, हे मी विसरणार नाही.