शेजारच्या सीटवरचा ब्रेक

गाडी विकायची ठरली आणि ब्रेकमास्तरांची झोप उडाली.

हे नाव त्यांना विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. मास्तरांनी सारी हयात लोकांना गाडी चालवायला शिकवण्यात घालवली, म्हणजे खरं तर स्वतः गाडी न चालवण्यात घालवली. चालवायचं विद्यार्थ्याने. मास्तर शेजारच्या सीटवर, आणि त्यांच्या पायाशी दुसरा क्लच नि दुसरा ब्रेक. शिकाऊ माणूस गांगरला की मास्तरांचा पाय ब्रेकवर पडलाच म्हणून समजा. आपल्या गाडीखाली कधी कोंबडीसुद्धा आली नाही, हे ते कुणाशीही ओळख होताच सांगून टाकत. ऐकणाऱ्याने विचारलं नसलं तरी.

आता विद्यार्थी कमी झाले होते आणि बायकोचे गुडघे बोलायला लागले होते. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बाजारात जाऊन आली की ती दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "वारा खातेय." त्या जिन्यात वारा कुठून येणार! तेवढ्यात मागच्या गल्लीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या. मालकाने महिनाअखेरपर्यंत अनामत आणून द्यायला सांगितलं. मास्तरांकडे विकण्यासारखं एकच होतं.

जुन्या गाड्यांच्या दलालाने गाडीभोवती एक चक्कर मारली, दारावर टिचकी मारली आणि असा भाव सांगितला की मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं.

"क्लासची गाडी आहे हो," दलाल म्हणाला. "नवशिक्यांनी क्लचची पार वाट लावलेली असते. घरगुती असती तर गोष्ट वेगळी."

घरगुती! तो शब्द मास्तरांच्या डोक्यात जाऊन बसला तो बसलाच. घरगुतीचा भाव आला तर अनामत भागत होती आणि वर थोडं उरतही होतं.

जावयाने फोनवर सल्ला दिला. न मागता दिला, पण सल्ला चोख होता. "बाबा, दलालाच्या नादी लागू नका. इंटरनेटवर जाहिरात टाका, थेट गिऱ्हाईक येईल. मात्र किल्ली कुणा एकट्याच्या हातात देऊ नका, तुम्ही शेजारी बसा. पैसे खात्यात जमा झालेले दिसल्याशिवाय कागदावर सही नाही. आणि नावबदली झाल्याशिवाय गाडी दारातून हलू द्यायची नाही." मग त्याने एक किस्साही ऐकवला. त्याच्या ओळखीच्या एका शिंप्याने स्कूटर विकली, कागद आपल्याच नावावर राहू दिले, आणि त्या स्कूटरने कुणाला तरी उडवल्यावर पोलीस शिंप्याच्या दारात आले. किस्सा ऐकून मास्तरांनी उठून दाराची कडी तपासली. त्यांनी अजून काही विकलंसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते गाडी घेऊन गॅरेजवाल्याकडे गेले. शेजारच्या सीटपुढची पेडल काढायची आणि टपावरच्या क्लासच्या पाटीची भोकं बुजवून रंग मारायचा. गॅरेजवाल्याने काम केलं, हात पुसले आणि विचारलं, "पेडल भंगारात टाकू?"

"नको, नको," मास्तर घाईघाईने म्हणाले. "राहू दे तुझ्याकडे. लागतील कदाचित."

हा त्यांच्या मनातला छुपा आधार होता. मनासारखा भाव आला तर ठीक. नाही आला तर पेडल परत बसवायची, जावयाकडे तोंड वेंगाडून हातउसने मागायचे आणि आणखी वर्षभर शिकवून फेडायचे. बायकोलाही त्यांनी तसंच सांगून ठेवलं होतं. त्या आधारावरच तर ते भावाच्या बाबतीत अडून बसणार होते. जाहिरातीत त्यांनी लिहिलं: एकाच मालकाची, निगुतीने वापरलेली. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मग जाहिरात टाकण्याआधी ती तीनदा का वाचावी लागली, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

फोन यायला लागले आणि मास्तरांचा जीव टांगणीला लागला. एकजण म्हणाला, मी परगावी आहे, गाडी न बघताच पैसे पाठवतो, तुमच्या फोनवर एक नंबर येईल तेवढा सांगा. मास्तरांनी फोन असा ठेवला की जणू त्याचा चटका बसला. दुसरा दोन मित्रांना घेऊन आला. एकाने मास्तरांना बोलण्यात गुंतवलं, एक बॉनेट उघडायला लागला आणि तिसरा नुसताच इमारतीकडे बघत उभा राहिला. मास्तरांनी किल्ली मुठीत घट्ट धरली आणि गाडी आत्ताच विकली गेली अशी थाप मारली. गॅलरीतून बायको सगळं बघत होती.

"अहो, त्यांना गाडी घ्यायची होती, तुमची किडनी नाही," ती नंतर म्हणाली.

मग आली ती नर्स. रुग्णालयातली ड्युटी संपेपर्यंत बस बंद होतात, म्हणून तिला गाडी हवी होती. परवाना मिळून फार दिवस झाले नव्हते. फोनवर तिने भावात फारशी घासाघीस केली नाही, फक्त गाडी एकदा चालवून बघते म्हणाली. मास्तरांना हायसं वाटलं. त्यांनी तिचा परवाना चष्मा लावून वाचला, फोटोवरून दोनदा तिच्याकडे बघितलं, आणि मगच किल्ली दिली. स्वतः शेजारी बसले. तिथे बसले की एरवी त्यांना घरच्यासारखं वाटायचं. आज पाय कुठे ठेवावेत तेच सुचेना.

ती सावकाश, जपून चालवत होती. "काका, गाडी घरीच वापरत होतात ना?" तिने समोर बघत विचारलं.

"तर! माझ्याशिवाय हिला दुसरा मालक नाही."

"तसं नाही. म्हणजे भाड्याने वगैरे?"

"छे, छे. भाड्याने कधीच नाही." हेही खरंच होतं. मास्तरांच्या कपाळाला घाम फुटला. त्यांनी काच खाली केली.

रस्त्याच्या कडेला पाण्याचा टँकर उभा होता. त्याच्या आडून एक सायकलवाला इकडेतिकडे न बघता थेट समोर आला. मास्तरांचा पाय गेला. सगळ्या जोरानिशी गेला आणि मोकळ्या रबरी मॅटवर धाडकन आपटला. "क्लच दाब बाळ, क्लच!" ते ओरडले.

गाडी थांबलेली होती. सायकलवाल्याने दोघांकडे एक जळजळीत कटाक्ष टाकला, काहीतरी पुटपुटला आणि निघून गेला. नर्सने गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मास्तरांच्या पायाकडे बघत राहिली.

"काका, तुम्ही तिथे कसला ब्रेक दाबत होतात?"

"सवय आहे," मास्तर म्हणाले.

"कशाची सवय?"

आता खोटं बोलायचं तर नवं खोटं रचावं लागणार होतं, आणि तेवढी ताकद त्यांच्यात उरली नव्हती. त्यांनी सगळं सांगितलं. क्लास, पेडल, बुजवलेली भोकं, दलालाचा भाव, बायकोचे गुडघे. "तुम्हाला फसवायचा विचार नव्हता असं म्हणणार होतो," शेवटी ते म्हणाले, "पण फसवायचंच होतं. मला लाज वाटतेय."

तिने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. रागावली होती, आणि ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मग तिचा आवाज बदलला. "काका, एक सांगू? पायाला मुंग्या येतात का तुमच्या?"

"का हो?"

"रुग्णालयात दिवसभर हेच बघते मी, म्हणून विचारलं. तुमचा पाय आपटला तेव्हा गाडी थांबली होती."

"छे! मी तर तो सायकलवाला दिसल्यादिसल्या..."

"मी ब्रेक दाबला, गाडी थांबली, आणि मग तुमच्या पायाचा आवाज आला. आधी नाही." तिने हे हळुवारपणे सांगितलं, त्यामुळेच ते जास्त लागलं.

मास्तर आपल्या पायाकडे बघत बसले. हल्ली जिना चढताना त्या पायातली चप्पल निसटायची. पट्टा सैल झालाय म्हणून त्यांनी चप्पल बदलली होती. नवीही निसटत होती.

नर्सने आपल्या माहितीच्या गॅरेजात गाडी दाखवली. क्लच बदलावा लागेल असं निघालं. तिने सांगितलेला भाव दलालापेक्षा बरा होता, घरगुतीच्या जवळपासही नव्हता. कालपर्यंत मास्तर म्हणाले असते, विचार करून कळवतो. आता अडून बसायला तो छुपा आधार उरलाच नव्हता. "चालेल," ते म्हणाले. पुढचं सगळं जावयाने नावं ठेवू नयेत इतकं रीतसर झालं. पैसे आधी खात्यात आले, दोघांनी नोंदणी कार्यालयात रांग लावली, नावबदली झाली, पोचपावती मास्तरांच्या खिशात आली, आणि मगच गाडी गेली. जाताना नर्सने एका डॉक्टरचं नाव सांगितलं आणि त्यांच्याकडून ते दोनदा म्हणून घेतलं.

ते तीन मजले चढून घरी आले. बायको गवार निवडत होती. त्यांनी आकडा सांगितला.

"एवढ्यालाच?" तिचे हात थांबले. "अनामत कशी भागायची यात? भाव नाही आला तर गाडी ठेवू, वर्षभर शिकवू, असं तुम्हीच म्हणत होतात ना?"

"आता नाही शिकवता येणार." ते तिच्यासमोर खाली बसले. "उरलेले जावयाकडून उसने घेऊ. तुझ्या पेन्शनमधून फेडू हळूहळू. माझा पाय उशिरा पडतोय गं. ती नर्स गाडी चालवून बघत होती तेव्हा ब्रेक दाबायला गेलो, तर गाडी आधीच थांबलेली."

तिने ताट बाजूला सरकवलं. जावयाकडे मागायचं म्हणजे मास्तरांच्या जिवावर येतं, हे तिला माहीत होतं. पण तिने ते काढलं नाही. ती त्यांच्या पायाकडे बघत होती.

"तेव्हाच पडला उशिरा," तिने विचारलं, "की आधीपासून पडतोय?"

मास्तरांनी ताटातली गवारीची एक शेंग उचलली. शेवटच्या तुकडीतली माणसं एकेक करून त्यांच्या डोळ्यांसमोर आली. वळणावर डोळे मिटून घेणारी ती शिक्षिका, बँकेतला कारकून, परवान्यासाठी घाई करणाऱ्या दोघी बहिणी. पहिल्या दिवशी सगळेच स्टिअरिंगला घट्ट धरून बसायचे, आणि प्रत्येकाला मास्तरांनी एकच सांगितलं होतं: बिनधास्त चालव, मी बसलोय ना. ती बिचारी त्या भरवशावर चालवत होती.

"माहीत नाही," ते म्हणाले.