खद्दूज मावशीच्या हनुवटीखालचा पट्टा

माराकेशमधल्या आमच्या हमामखान्यात मी गरम पाण्याच्या बादल्या भरते आणि खद्दूज मावशी बायकांची अंगं चोळते. एकतीस वर्षं तिचं हेच काम. नवरा गेल्यावर ती शहराबाहेर मुलीकडे राहायला गेली आणि वयाच्या बावन्नाव्या वर्षी मोपेड शिकली. पहिल्याच आठवड्यात तिनं भोपळ्यांचा एक गाडा उलटवला, पण शिकली.

हेल्मेट होतं तिच्याकडे, हँडलला लटकवलेलं. हमामाजवळच्या चौकातला पोलीस हटकायचा तेव्हा ती म्हणायची, "बाळा, तुझ्या आईची पाठ कोण चोळतं ते घरी जाऊन विचार." तो हसून सोडून द्यायचा.

मग त्याच्या जागी इब्तिसाम नावाची तरुण पोलीस आली. तिनं मोपेडची किल्लीच काढून घेतली.

"मावशी, कायदा आहे. हेल्मेट डोक्यावर, नाहीतर गाडी इथंच."

"अगं, रुमाल बांधलाय, त्यावर हे पातेलं कशाला पालथं घालू? घाम फुटतो."

"हमामात काम करता आणि घामाला घाबरता?"

आजूबाजूचे हसले. मावशीनं रागारागानं हेल्मेट चढवलं, पण पट्टा तसाच लोंबत ठेवला. इब्तिसामनं तो स्वतःच्या हातानं तिच्या हनुवटीखाली अडकवला, बोट घालून घट्ट बसलाय का पाहिलं आणि मगच किल्ली दिली. असं रोज, तीन आठवडे. कामावर आल्या आल्या मावशी तिच्या नावानं खडे फोडायची.

एका गुरुवारी सकाळी चौक ओलांडून ती जेमतेम पुढे आली, तोच उभ्या टॅक्सीचं दार उघडलं. मावशी उडाली आणि तिचं डोकं फूटपाथच्या कडेवर आदळलं. मी हमामाच्या दारातून धावत गेले, तर ती शुद्धीत होती आणि माझ्यावरच ओरडत होती, "डब्यातला साबण सांडला बघ, तो गोळा कर आधी!"

खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. हेल्मेट कानाच्या वर तडकलं होतं. इस्पितळात डॉक्टरांनी त्या भेगेवरून बोट फिरवलं. "पट्टा नसता तर हेल्मेट आधीच उडून गेलं असतं," ते म्हणाले, "आणि ही भेग कवटीला पडली असती."

मावशीनं चांगल्या हातानं हेल्मेट मागून घेतलं आणि तो पट्टा चाचपत राहिली. 

अडीच महिन्यांनी हात हलायला लागला, तेव्हा ती मला घेऊन चालतच त्या चौकात गेली.

"पोरी, ये आमच्याकडे. तुला न्हाऊ घालते."

"नको मावशी, आम्हाला लोकांकडून काही घेता येत नाही."

"मी देतेय कुठं? मळ काढून घेतेय की उलट!"

सुट्टीच्या दिवशी इब्तिसाम आली. तिचे केस धुता धुता मावशी म्हणाली, "असं रोज अडवून कुणी जपलं नव्हतं गं मला. आणि मी तुला शिव्या घालत होते."

"चौकापर्यंत ऐकू यायच्या," इब्तिसाम म्हणाली.

दिवसदिवस उन्हात उभी राहणारी ती पोर वाफेत तिथंच गरम फरशीवर झोपून गेली. मावशीनं आम्हाला हातानंच गप्प केलं आणि तिच्या पावलांवर हळूहळू कोमट पाणी ओतत बसली.