गुरुवारचे पेटीवाले

घर मिळवण्यासाठी मी एकदाच खोटं बोलले, आणि तेही तोंडानं नाही. नुसती मान हलवली. त्याआधी तीन ठिकाणी किल्ली कधी नेताय इथपर्यंत बोलणं आलं होतं, आणि माझ्या माहेरचं आडनाव कळल्यावर तिन्ही फ्लॅट कुणाच्या तरी पुतण्यासाठी ठेवलेले निघाले. नवऱ्याच्या आडनावावरून काही कळत नाही, ते विदर्भात चार जातींत सापडतं. चौथ्या घराच्या मालकीण काकूंनी चहाचा कप हातात देता देता विचारलं, "आपल्यातलेच ना तुम्ही?" लेकीची शाळा सुरू व्हायला आठ दिवस उरले होते. मी दमले होते, चिडले होते, भाड्याच्या घरांचे जिने चढून पाय दुखत होते. हलवली मान.

त्याला आता पाच वर्षं झाली. आम्ही खाली राहतो, काकू वर. आमच्या हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती आहे. ती चालते. हल्ली सगळ्यांकडेच असते, टीव्हीशेजारी, शोपीस म्हणून. निळ्या कोटातला फोटो मात्र कपाटात, साड्यांच्या मागे. दाराची बेल वाजली की मी आधी कपाट लावलंय का ते बघते, मग दार उघडते. स्वतःच्या घरात मी चोरासारखी राहते, आणि त्याचा सगळा संताप नवऱ्यावर काढते. बिचारा ऐकून घेतो.

माझे बाबा कोराडीच्या वीज केंद्रात फिटर होते. ड्यूटी संपली की पेटी, म्हणजे हार्मोनिअम. त्यांची गायन पार्टी उत्तर नागपूरच्या वस्त्यांमध्ये चांगली नावाजलेली. चळवळीची गाणी गायचे, त्यांच्या मागे मीही गायचे. माझ्या या घरी बाबा एकदाही आले नव्हते. मी काही सांगितलं नव्हतं, पण त्यांना न कळायला ते काय लहान आहेत? "तूच येत जा वं, मले लिफ्टमध्ये गरगरते," एवढंच म्हणायचे. आमची बिल्डिंग दोन मजल्यांची. लिफ्ट नाहीच.

काकूंचं भजनी मंडळ आहे, दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या हॉलमध्ये बसतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून माझा आवाज ऐकला आणि त्यांनी मला ओढून नेलं. तेव्हापासून मी तिथे विठ्ठलाचं गाते. चांगलं गाते, हेच तर दुखणं.

गेल्या हिवाळ्यात शहरातल्या काही चित्रकार पोरापोरींनी एक प्रदर्शन भरवलं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचा इतिहास आणि आपला, दोन्ही एकाच भिंतीवर. एका चित्रात तिकडच्या बाया कापूस वेचताहेत, शेजारच्या चित्रात आमच्या यवतमाळकडच्या. कंबर तशीच वाकलेली. शेवटच्या दिवशी गाण्याचा कार्यक्रम होता, आणि त्यात बाबांची पार्टी होती. बाबांनी मला आधीच सांगितलं होतं. मी जाणार नव्हते. पण काकूंनी पेपरात वाचलं आणि म्हणाल्या, चल, तुला गाण्याची आवड आहे, माझ्या स्कूटीवर जाऊ. काय कारण सांगणार? गेले.

वरातीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे एक म्हातारे होते. त्यांनी मोबाइलवर ऐकून बसवलेलं, तिकडच्या चर्चमधलं एक गाणं वाजवलं. नवरदेव घोड्यावर बसताना वाजवतात तेच क्लॅरिनेट, आणि अख्खा हॉल गप्प झाला. मग बाबांची पार्टी बसली. मी खांबाआड खुर्ची धरली होती, तरी बाबांना दिसलेच. क्षणभर बघितलं आणि पेटीचा भाता उघडायला खाली वाकले. माझ्या शेजारी कोण बसलंय ते त्यांना बरोबर कळलं.

गाणी झाल्यावर एक प्राध्यापिका बोलली. रंगानं उजळ असलेले काही काळे लोक परगावी जाऊन गोरे म्हणून राहायचे, असं तिनं सांगितलं. त्यामुळे नोकरी मिळायची, घर मिळायचं. पुढे कधी रस्त्यात स्वतःची आई समोर आली, तर ओळख न देता निघून जायचे, आणि आईही हाक मारायची नाही. काकूंनी पदरानं डोळे पुसले. "सख्ख्या आईला ओळख द्यायची नाही," त्या म्हणाल्या, "कसलं काळीज म्हणायचं गं हे?" घर मिळत नसेल दुसरं, असं मी बोलून गेले. ते त्यांना ऐकू गेलं नाही की कळलं नाही, कोण जाणे.

कार्यक्रम संपल्यावर काकू थेट बाबांकडे गेल्या. मंडळाच्या पेटीवाल्या बाई मुलीकडे पुण्याला गेल्या होत्या, तुम्ही याल का, असं विचारलं आणि नंबर घेतला. येताना स्कूटीवर त्या खूश होत्या. कलेला कसली आलीय जात, आम्ही नाही बाई मानत तसलं, असं मान मागे वळवून मला सांगत होत्या. तेव्हाच सांगायला हवं होतं. जातीचं एक वेळ काही वाटणार नाही त्यांना, पण पाच वर्षं फसवल्याचं वाटेल, अशी मी माझी समजूत घातली. भीती आणखीही होती. मान हलवली नसती तर हे घर मिळालं असतं का, हे मला ठाऊक नव्हतं, आणि आता ते विचारून बघायची हिंमत नव्हती.

दोन दिवसांनी बाबांचा फोन आला. "तुमच्या काकूनं गुरुवारी बलावलं. येऊ का नको येऊ?" या म्हणवेना, नको म्हणवेना. शेवटी तेच म्हणाले, "मले पेटी वाजवाची हाये. बाकी मी काही बोलत नाही. काहून घाबरून राहिली तू?"

गुरुवारी मी लेकीला मैत्रिणीकडे पाठवून दिलं. ती आजोबा म्हणून धावली असती. पोटच्या पोरीला आजोबांपासून लपवायची वेळ आली, लाज वाटली मला माझीच. बाबा पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून आले. काकूंनी सगळ्यांशी ओळख करून दिली, माझीही. ही आमची खालची भाडेकरीण, फार छान गाते. बाबांनी हात जोडले. "नमस्कार, ताई," मला म्हणाले.

एका बाईंनी त्यांना आडनाव विचारलं. बाबांनी पूर्ण नाव सांगितलं, कुहीजवळचं गाव सांगितलं, आणि कुणी विचारलं नसताना हेही सांगितलं, की आमच्या वडिलांनी नागपुरात धम्म घेतला तेव्हा ते गावाहून बैलगाडीनं आले होते. त्या बाई वा वा म्हणाल्या आणि सतरंजीची सुरकुती सारखी करत बसल्या. बाबा मला लपवत होते, स्वतःला नाही.

भजन सुरू झालं. नवीन गाणारी असली की पेटीवाला आधी पट्टी विचारतो, म्हणजे ती कुठल्या सुरात गाणार ते. बाबा एकेकीला विचारत गेले. कुणी काळी पाच सांगितली, कुणाला माहीतच नव्हतं, तिची त्यांनी दोन-तीनदा वरखाली करून शोधून दिली. मग माझी पाळी आली. बाबांनी विचारलंच नाही. बोटं सरळ काळी चारवर गेली. मी अकरा वर्षांची असताना त्यांनीच ती मला शोधून दिली होती, त्यालाही तीन संध्याकाळी लागल्या होत्या. एवढा वेळ सांभाळून वागलेला माणूस तिथे चुकला. काकू कौतुकानं म्हणाल्या, "अगंबाई, हिची पट्टी कशी हो ठाऊक तुम्हाला?"

बाबांनी बोटं उचलली. खोटं ते बोलणार नव्हते आणि खरं सांगायचा हक्क माझा होता, म्हणून त्यांनी आल्यापासून पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. हे माझे बाबा, एवढंच म्हणायचं होतं. सगळ्याजणी माझ्याकडे बघत होत्या. मी हसले. खरंच हसले मी.

"अंदाजानं लागली असेल, काकू," मी म्हणाले.

बाबांनी भाता बंद केला, परत उघडला. "चुकलंच माझं, ताई," ते म्हणाले. "सांगा, तुमची पट्टी कोणती?"

"काळी चार," मी माझ्या बापाला सांगितलं, आणि गायला लागले.