निर्मलाताईंनी परत केलेलं पाकीट

ग्राहक कंपनीच्या असेंब्ली लाईनवर आमचे चार ब्रॅकेट चिरलेले सापडले होते, आणि मी त्यांच्या गोडाऊनमध्ये उकिडवा बसून एकेक पेटी उघडत होतो. ब्रॅकेट म्हणजे ब्रेकचा भाग धरून ठेवणारा, तळहाताएवढा ओतीव तुकडा. त्यात केसासारखी चीर असली तर आज काही होत नाही. गाडी खूप पळाल्यावर होतं. म्हणून पाठवलेला सगळा माल पुन्हा बघावा लागतो. आम्ही त्याला सॉर्टिंग म्हणतो. चाकणकडे क्वालिटीत नोकरी केलेल्या प्रत्येकाने ते कधी ना कधी केलेलं असतं.

दुपारपर्यंत आणखी सात पीस निघाले. सगळ्यांवर पिवळा ठिपका. आमच्याकडे शेवटची तपासणी करणारा प्रत्येक जण पास केलेल्या पीसवर आपल्या रंगाचा ठिपका लावतो. पिवळा रंग निर्मलाताईंचा.

निर्मलाताई वाघमारे मूळच्या लातूरकडच्या. आमच्या महाळुंग्याच्या प्लॅन्टमध्ये आठ वर्षं काम करत होत्या, पण कॉन्ट्रॅक्टवर. नवरा गेलेला, मुलगी नर्सिंगला. आठ वर्षांत त्यांच्याबद्दल एक तक्रार नव्हती.

प्लॅन्ट हेड कुलकर्णींनी प्रश्न अर्ध्या मिनिटात सोडवला. "अमोलिक, कॉन्ट्रॅक्टरला फोन करा, दुसरी बाई मागवा. विषय क्लोज."

"सर, आधी कारण बघतो."

"महिनाअखेरपर्यंत बघा."

दुसऱ्या दिवशी मी निर्मलाताईंच्या टेबलावर वीस पीस ठेवले. त्यातले पाच चिरलेले आहेत, हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. त्यांना दोन सापडले. त्यातलाही एक त्यांनी नख फिरवून शोधला.

"ताई, नीट दिसतंय ना?"

त्यांनी हातातला पीस खाली ठेवला. मग म्हणाल्या, "धुकं पडल्यावानी दिसायलंय, सर. चार महिने झाले."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितल्यावर काम राहतंय का?"

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, दवाखान्यात ऑपरेशनची तारीख अडीच महिन्यांनंतरची मिळाली होती. माझ्याकडे महिनाअखेरपर्यंतची मुदत होती.

आम्ही ख्रिस्ती. पगार झाला की दहावा भाग देवाच्या कामासाठी बाजूला काढायचा, ही सवय मला वडिलांनी लावली. तो दशांश म्हणजे देण्याची सुरुवात, शेवट नव्हे, असं ते म्हणायचे. सुरुवात मी कधी चुकवली नव्हती. पुढे मात्र फारसा गेलो नव्हतो. खाजगी दवाखान्याच्या खर्चाला त्या महिन्याचा दशांश पुरणार नव्हता. उरलेले पैसे नव्या गाडीसाठी साठवलेल्यातून काढावे लागणार होते. दोन दिवस मी घुटमळलो. तिसऱ्या दिवशी पाकीट भरलं आणि शिफ्ट सुटताना निर्मलाताईंना स्टोअरच्या मागे बोलावलं.

"हे घ्या. ऑपरेशन करून घ्या. कोणाला सांगू नका. आणि यापुढे अशी चूक परत होता कामा नये."

त्यांनी पाकीट घेतलं, माझ्याकडे बघितलं आणि परत माझ्या हातात ठेवलं.

"सर, मला गरज आहे. खोटं कशाला बोलू? पण तुम्ही दंड भरल्यासारखे द्यायलात. असे पैसे घेऊन मला झोप यायची नाही."

मला राग आला. कासारवाडीला घरी पोचेपर्यंत तो गेला नव्हता. बायकोला, रूथला, सगळं सांगितलं. माणसाला उपकाराची किंमत नाही, असंही म्हणालो.

रूथ भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "दर रविवारी चर्चमध्ये अर्पणाची थैली आपल्या बाकापाशी येते, तेव्हाही तुमचा चेहरा असाच होतो. मी वीस वर्षं बघतेय. त्या बाईंना पहिल्याच दिवशी दिसलं."

"त्यांना तर दिसत नाही," मी म्हणालो.

मग आम्ही दोघंही हसलो. हसता हसता माझ्या लक्षात आलं, की मी त्यांना पैसे दिले होते आणि त्याबरोबर गाडीचं दुःखही दिलं होतं. ते त्यांनी का घ्यावं?

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये मी ताट घेऊन त्यांच्या शेजारी बसलो. आठ वर्षांत पहिल्यांदा. मुलीची परीक्षा कधी आहे, विचारलं. ती नाइट ड्यूटीवरून आल्यावर आधी आईसाठी भाकरी करते, हे तेव्हा कळलं. मग म्हणालो, "ताई, काल माझं चुकलं. मला देवानं भरपूर दिलंय, ते विसरलो होतो. हे घेतलंत तर मला खरंच आनंद होईल."

त्यांनी माझा चेहरा नीट बघितला. जमेल तेवढा.

"आता घेते. पण बरी झाल्यावर मला ह्याच टेबलावर आणा. झाडायला टाकू नका."

पैसे देण्यापेक्षा हे अवघड होतं. मी फाइल काढली. तपासणी करणाऱ्यांचे डोळे वर्षातून एकदा तपासायचे, असा आमचाच नियम. ती यादी माझ्या सहीने जायची. यादीत फक्त कायम कामगारांची नावं होती. कॉन्ट्रॅक्टवाल्यांची नावं घालायचं मला कधी सुचलंच नव्हतं.

कुलकर्णींना सांगितलं, "ग्राहकाच्या रिपोर्टात मूळ कारण म्हणून ही यादी जाईल. बाईंचं नाव नाही."

"अप्रेझलला लागेल तुमच्या."

"लागू द्या, सर."

लागलं. त्या वर्षी इन्क्रिमेंट नावापुरतं मिळालं. गंमत म्हणजे घरी ते सांगताना माझा चेहरा उतरला नाही. रूथने तशी नोंद घेतली.

ऑपरेशनच्या दोन्ही वेळा रूथ निर्मलाताईंच्या मुलीसोबत दवाखान्यात बसली. मधल्या काळात त्यांना पॅकिंगला लेबल लावायचं हलकं काम दिलं. परत आल्यावर मी पुन्हा वीस पीस ठेवले. पाचच्या पाच सापडले. सहावाही त्यांनी बाजूला काढला. मी भिंगाखाली बघितला. चीर होती. मला दिसली नव्हती.

मग सगळ्यांचेच डोळे तपासले. कॉन्ट्रॅक्टवरच्या आणखी तिघांना चष्मा लागला. तपासणीचा खर्च कंपनीचा, पण चष्म्याचे पैसे कोणी द्यायचे, यावर एचआर आणि कॉन्ट्रॅक्टर आमच्याच टेबलापाशी वाद घालत उभे होते. निर्मलाताईंनी पदराची गाठ सोडली, एक नोट काढून टेबलावर ठेवली आणि हसत म्हणाल्या, "हे माझे. आता तुम्ही बोला." पाच मिनिटांत तिन्ही चष्म्यांचे पैसे जमले. एचआरवाल्यानेही दिले.

मी निवृत्त झालो तेव्हा त्या त्याच टेबलावर होत्या. त्यांनी पाकीट मुकाट्याने ठेवून घेतलं असतं, तर मी आयुष्यभर स्वतःला दानशूर समजत राहिलो असतो. तसं झालं नाही, त्यासाठी देवाचे आणि त्यांचे आभार मानतो.

एवढं शिकलो, की मदत करायची तर आधी माणसाच्या शेजारी बसावं, मग खिशात हात घालावा. क्रम उलटा झाला की पीस रिजेक्ट होतो.