अण्णांची पिन

विलासच्या पायाचं जे झालं, ते पिन अडकल्यामुळे झालं नाही. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला ती असेपर्यंत नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. एवढं एक वाक्य वाचून कुणाला काही कळणार नाही हे मला कळतं. पण मागून सांगू म्हटलं की मी दुसरंच काहीतरी सांगत बसतो, ही माझी जुनी खोड आहे. म्हणून ते आधी लिहून टाकलं.

तो गेल्याचा फोन आला तेव्हा शाळेत परिपाठ चालू होता. फोन अण्णांचा, म्हणजे विलासच्या थोरल्या भावाचा. "मास्तर, विलास गेला आपला," एवढं म्हणून ते थांबले. मागे त्यांच्या वेल्डिंग-लेथच्या दुकानातला कंप्रेसर चालू असल्याचा आवाज येत होता, तो बंद करायचंही त्यांना सुचलं नसावं. मग म्हणाले, "या तुमी. तुमच्यासारखं त्याचं दुसरं कोन हुतं?" मी मैदानाच्या कडेला उभा होतो. पोरं रांगेत उभी राहून प्रार्थना म्हणत होती आणि मी फोन कानाला लावून नुसता "हो, हो" म्हणत होतो... अण्णांच्या त्या एका वाक्याला खरं उत्तर काय द्यायचं ते मला तेव्हाही माहीत होतं.

विलास पाण्यावरचा माणूस होता. आमच्या राहुरीकडे हे सांगितलं तर लोक मासेमारी समजतात. पण तो बोटीमागे दोरीला धरून पाण्यावर घसरत जायचा, वॉटर स्कीइंग करायचा, तेही स्पर्धेत. त्याचं असं झालं, की पुण्याची एक हौशी मंडळी मुळा धरणाच्या फुगवट्यात बोट ठेवायला लागली आणि बोट धुवायला, राखायला त्यांनी विलासला ठेवलं. वर्षाच्या आत तो त्यांच्यापेक्षा चांगला स्की करायला लागला. मंडळींचा उत्साह संपला तेव्हा जुनी बोट तशीच मागे राहिली. ती चालवायला इन्नूसभाई आणि डिझेलची सोय बघायला अण्णा, असा आमचा क्लब. क्लब हा आमचा शब्द. पाटी कधी लागली नाही.

स्पर्धेत तीन प्रकार असतात. पाण्यावर तरंगत्या बोयांच्या, म्हणजे खुणेच्या गोळ्यांच्या, मधून नागमोडी जायचं तो स्लॅलम, तिरप्या फळीवरून उडी मारायची तो जंप, आणि ट्रिक. विलासचा जीव ट्रिकमध्ये. ट्रिकची स्की आखूड आणि रुंद, पाटासारखी. तिला खाली पातं नसतं, त्यामुळे ती आडवी फिरते, उलटीही जाते. वीस सेकंदांची एक फेरी मिळते, तेवढ्यात जितक्या गिरक्या, उलट्या, बाजूच्या घसरण्या होतील तितके गुण. आणि सगळ्यात जास्त गुण पायाच्या गिरक्यांना. दोरीच्या दांड्याला एक पट्टा असतो, त्यात एक पाय अडकवायचा, हात सोडून द्यायचे आणि बोट त्या पायाने ओढत असताना दुसऱ्या पायावर उभं राहून गिरकी घ्यायची. विलास ती घ्यायचा तेव्हा काठावरची गुराखी माणसंसुद्धा गप्प व्हायची.

पण पाय पट्ट्यात असताना माणूस पडला तर बोट त्याला त्या पायाने फरफटत नेणार. म्हणून बोटीतल्या खांबाला दोरी थेट बांधत नाहीत. एका हुकात अडकवतात, हूक एका पिनेने बंद असतो आणि पिनेला एक छोटी दोरी असते. ती दोरी हातात धरून एक माणूस मागे तोंड करून बसतो. स्कीवाला पडला की त्याने झटका द्यायचा, हूक उघडतो, दोरी सुटते. एवढंच काम. त्याला आम्ही पिनवाला म्हणायचो. स्पर्धेला गेलं की बोट आयोजकांची, ड्रायव्हर त्यांचा, पंच त्यांचे; पिनवाला मात्र ज्याचा त्याने आणायचा. पाय कुणाच्या हातात द्यायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं, अशी ती रीत. विलासची पिन अण्णांनी लेथवर घडवलेली होती, आणि पिनवाला मी होतो.

ते दिवस चांगले होते हे लिहायला हवं, नाहीतर विलासवर अन्याय होईल. एसटीच्या टपावर गोधडीत गुंडाळलेली स्की, कंडक्टरने विचारलं की विलास गंभीरपणे सांगायचा, "देवीची पालखी हाय, आडवी ठेवा." स्कीवरच्या रबरी बुटात पाय जावा म्हणून साबणाचं पाणी लागायचं, तर तो हॉटेलातल्या बेसिनवरची साबणाची बाटली सरळ खिशात घालायचा. परगावच्या तलावावर वारा पडायची वाट बघत आम्ही सकाळ सकाळ काठावर बसून राहायचो. पाणी आरशासारखं झालं की त्याला बोलायला सुचायचं नाही. मोठ्या शहरांतली पोरं परदेशी सूट घालून यायची. हा शाळेची जुनी हाफपँट घालून उतरायचा आणि बाहेर यायचा तेव्हा तीच पोरं त्याला विचारायची, पाय कसा ठेवतोस.

अशाच एका स्पर्धेत माझ्याकडून पिन लवकर ओढली गेली. तो गिरकीत डगमगला, मला वाटलं गेला, मी झटका दिला. तो पडणार नव्हता. पण दोरी सुटली म्हणजे फेरी संपली. तो पाण्यात बसकण मारल्यासारखा बुडाला आणि त्याचं पदक गेलं. बोटीत चढताना तो हसत होता. "मास्तर, तुझा हात लई हळवा हाय रे. पोरीचं लग्न लावून देताना बापाचा असतो तसा." सगळे हसले. मीही हसलो. पण तो विनोद त्याने सोडलाच नाही. गावात, पारावर, माझ्या सासुरवाडीच्या लोकांसमोरसुद्धा. त्याच्या मनात काही नसायचं. माझ्या मनात साठत होतं.

पुढच्या स्पर्धेच्या आधी धरणावर सराव चालला होता. बोटीत बसताना विलास इन्नूसभाईंना म्हणाला, "भाई, आज मास्तरचा हात बांधून ठेवा. म्या पान्याखाली गेल्याबिगर त्यानं पिन वडायची न्हाई." इन्नूसभाई म्हणाले, "तुम्ही दोघं नवरा-बायकोसारखे भांडता राव." मी पिनेची दोरी हाताला गुंडाळून बसलो.

तो पायाच्या गिरकीत शिरला. अर्धी गिरकी पुरी झाली आणि स्कीचं टोक पाण्यात घुसलं. तो पडत होता. हे मला स्पष्ट दिसलं, त्यात शंका नव्हती. त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते आता लिहितो. माझ्या मनात आलं, पडू दे. पाण्याखाली जाऊ दे. मग ओढू.

एवढंच. त्यानंतर घाबरलो म्हणावं, हात बधिर झाला म्हणावं, काय हवं ते म्हणावं. पण आधी ते आलं होतं. इन्नूसभाईंचं लक्ष पुढे, कारण तिथे बुडालेल्या बाभळींचे बुंधे वर यायचे. मी ओरडलो तेव्हा त्यांनी बोट थांबवली. तोवर बोट विलासला पायाने ओढत गेली होती.

आम्ही त्याला वर घेतलं. गुडघा भलत्याच दिशेला वळला होता. त्याचे ओठ पांढरे पडले होते. त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "पिन अडकली व्हय रे?"

मी म्हणालो, "हो."

संध्याकाळी दवाखान्याच्या आवारात अण्णांनी बोटीतून हुकासकट काढून आणलेली पिन हातात घेतली. दोरी ओढली. टक्क करून हूक उघडला. पुन्हा बंद केला, पुन्हा ओढली. पुन्हा उघडला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात संशय असता तर मी तिथेच फुटलो असतो. संशय नव्हता. ते म्हणाले, "वजन आल्यावर अडकत आसंल. माझंच मोजमाप चुकलं."

विलासच्या पायाची ऑपरेशनं झाली, पाय वाचला, पण सरळ झाला नाही. तो पुन्हा स्कीवर चढला नाही. अण्णांच्या दुकानाच्या पडवीत त्याने विजेच्या मोटारींच्या रिवाइंडिंगचं काम सुरू केलं. दुखणं थांबेना म्हणून गोळ्या खायचा, शेंगदाण्यासारख्या मूठभर. त्या गोळ्यांनी पुढे त्याच्या किडन्या नेल्या. लग्न ठरत आलं होतं ते मोडलं आणि पुन्हा त्याने विषय काढू दिला नाही.

अण्णांचं निराळंच झालं. त्यांच्या दुकानाचं मुख्य काम म्हणजे उसाच्या ट्रॉल्यांचे हूक. गळिताच्या हंगामात रांग लागायची. त्यांनी ते बंद केलं. झोपाळ्याच्या कड्या नाहीत, विहिरीवरचे रहाट नाहीत, पाळण्याचा आकडाही नाही. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, "ज्याला मानूस टांगला जातो आसं काय मी करीत न्हाई." खिडक्यांचे गज आणि कंपाउंडची फाटकं, एवढंच करत राहिले. आणि ती पिन त्यांनी दुकानातल्या खिळ्याला अडकवली. वाळू घालून बघितली, धरणाचा गाळ घालून बघितला, गंज चढू दिला, साखळीला वजन लावून ताण दिला. मी गेलो की दाखवायचे. "बघा मास्तर. आशी पन उघडती. तशी पन उघडती. अडकतच न्हाई. मग त्याच दिवशी कशी अडकली असंल?" मी चहा पीत असायचो. पडवीत विलास मान खाली घालून तार गुंडाळत असायचा.

मी दर आठवड्याला जायचो. लोक म्हणायचे मैत्री असावी तर अशी. मी त्याच्या औषधांचं बघायचो, डायलिसिसला नगरला घेऊन जायचो. त्या खुर्च्यांच्या हॉलमध्ये, शेवटच्या महिन्यात, मशीन चालू असताना त्याने डोळे न उघडता विचारलं, "मास्तर, अण्णा अजून घासतोय का ती पिन?"

"हो."

"सांग त्याला आता."

"काय सांगू?" मी म्हणालो. इतक्या वर्षांनंतरही मी हेच म्हणालो.

त्याने डोळे उघडले. "पडताना माझं तोंड बोटीकडं हुतं. तुझा हात दिसत हुता मला. हाललाच न्हाई."

मशीनचा आवाज येत राहिला. शेजारच्या खुर्चीवरची बाई मोबाइलवर कीर्तन ऐकत होती. मी विचारलं, "मग अडकली का म्हणून का विचारलंस?"

"मला वाटलं, तू न्हाई म्हनशील."

मग तो म्हणाला, की त्याने अण्णांना सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर मी पुन्हा त्या दारात आलो नसतो, आणि मग त्याच्याकडे कुणी आलं नसतं. "मला मानूस लागत हुता रे यायला... म्हनून अण्णाला तसंच ठेवलं. मी बी काय लई चांगला न्हाई." मी त्याचा हात धरायला गेलो. त्याने तो सुईचा हात होता म्हणून बाजूला घेतला, की आणखी कशासाठी, मला माहीत नाही.

मी "सांगतो" म्हणालो. त्यानंतर तो किती दिवस होता ते मी मोजलेलं नाही, पण पुरेसे दिवस होते. दुकान माझ्या शाळेच्या वाटेवर आहे. मी रोज त्याच्यासमोरून गेलो.

दहाव्याला अण्णा उन्हात उघड्या डोक्याने उभे होते. लोक माझी समजूत घालत होते, मित्र गेला म्हणून. मी ती घालून घेत होतो. चार दिवसांनी दुकानात गेलो तेव्हा पडवीतलं विलासचं स्टूल तसंच होतं, खाली तांब्याच्या तारेचे तुकडे पडलेले. अण्णांनी चहा सांगितला. मग खिळ्यावरची पिन काढली. मला वाटलं, आता टाकून देणार. त्यांनी तिला तेलाचा थेंब सोडला, फडक्याने पुसली, हूक बंद केला आणि दोरी ओढली. टक्क. माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याला मी कदी इचारलं न्हाई मास्तर, की माझा राग हाय का म्हनून. धीरच झाला न्हाई. तुमच्याजवळ कदी काय बोलला का तो?"

मी म्हणालो, "नाही अण्णा. तुमच्यावर राग नव्हता त्याचा." हे खरं होतं, आणि हे सांगून मी पुन्हा पळालो. चहा संपवून उठलो. मागे पुन्हा टक्क वाजलं.

अण्णांना मोतीबिंदू आहे, ते पेपर वाचत नाहीत. पण हे ज्या पुरवणीत छापून येईल ती राहुरीत येते आणि कुणीतरी त्यांना वाचून दाखवेलच. छापून आल्यावर मागे फिरता येणार नाही, म्हणून आधी लिहून पाठवतोय. भित्रा माणूस धाडससुद्धा अशाच रीतीने करतो. विलासचं जे देणं होतं ते आता कुणाला देता येणार नाही; ते संपलं, म्हणजे कायमचं राहिलं. अण्णांचं राहिलंय. पुरवणी रविवारी निघते. त्याआधी मला त्या दुकानात जाऊन, कंप्रेसर बंद करायला लावून, त्यांच्या तोंडावर म्हणायचं आहे, की अण्णा, तुमची पिन चांगली होती, मी ती ओढली नाही. एवढं मी त्यांचं देणं लागतो. हे लिहीपर्यंत दिलेलं नाही.