बिनलायसन्सचे बोंद्रे

दिनकर बोंद्रे गाड्यांच्या ब्रेकवर काम करतो. ब्रेक दाबल्यावर किंचाळतात का, या एका प्रश्नावर त्याने श्टुटगार्टजवळच्या कंपनीत एकोणीस वर्षं काढली आहेत. ब्रेक अजून किंचाळतात, म्हणून नोकरी टिकून आहे. मूळचा मिरजेचा, राहायला त्सुफेनहाउझेनला, वय एकोणपन्नास, पोट थोडं पुढे आणि केस बरेच मागे. आणि या माणसाकडे गाडी चालवायचं लायसन्स नाही.

हे फक्त त्याच्या बायकोला, नीताला ठाऊक होतं. तिने ते गुपित प्राणपणाने जपलं होतं. भांडी घासायची पाळी कुणाची यावर वाद निघाला, की तेवढं तिला नेमकं आठवायचं.

झालं असं, की भारतातलं लायसन्स इथे जर्मनीत सहा महिनेच चालतं. त्यानंतर इथली परीक्षा. आता दिनकरचं भारतातलं लायसन्स एका एजंटाच्या कृपेने मिळालेलं. त्यात गाडीचा संबंध फक्त अर्जावरच्या रकान्यापुरता. इथल्या पहिल्या परीक्षेत उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं राहून गेलं. दुसऱ्या वेळी त्या धसक्याने तो उजवीकडच्या प्रत्येकासाठी थांबला. त्यात बाबागाडी धरून शेजारणीशी गप्पा मारणारी एक बाई होती, ती कुठेच जाणार नव्हती. तिसऱ्या वेळी रिकाम्या रस्त्यावर एका कबुतरासाठी त्याने असा कचकन ब्रेक मारला, की परीक्षकांचा चष्मा डॅशबोर्डवर जाऊन आपटला. "ब्रेक उत्तम आहेत," परीक्षक म्हणाले, आणि नापास केलं.

नीता पहिल्या फटक्यात पास झाली. त्या दिवसापासून दिनकरला पर्यावरणाची काळजी वाटू लागली. "मी तत्त्व म्हणून गाडी चालवत नाही," असं तो कँटीनमध्ये सांगायचा आणि जर्मन सहकारी आदराने माना डोलवायचे. ट्रॅकवर चाचणीला गेला, की चालवायला दुसरा माणूस असायचा. हा शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन आवाजाचे आलेख बघायचा. असं झकास चाललं होतं.

त्यात सत्यजितने गाडी घेतली. सत्यजित हा त्याचा कॉलेजपासूनचा मित्र, कोलोनला सॉफ्टवेअरमध्ये. पन्नाशी जवळ आली की काही लोक योगासनं करतात, काही पळायला लागतात. सत्यजितने मोहरीच्या रंगाची एक जुनी ऑफ-रोड गाडी आणली. टपावर घडीचा तंबू, मागे फावडं, पुढे दोरखंडाचं चाक. फोन करून म्हणाला, "दिन्या, शुक्रवार ते रविवार वाळवंटात जायचं. कॅन्यन, कॅम्पिंग, फुल धमाल. मुक्ता पण येतेय."

"जर्मनीत वाळवंट कुठलं रे?"

"आहे. वेबसाइट आहे त्याची."

वाळवंट म्हणजे कोलोनपासून तासाभरावरची वाळूची जुनी खाण निघाली. खाण बंद पडल्यावर पावसाने तिच्यात घळी कोरल्या होत्या, दोन्ही बाजूंना तीन-तीन माणसं उंचीच्या तांबूस पिवळ्या भिंती, तळाला भुसभुशीत वाळू. ऑगस्टच्या उन्हात सगळं खरंच तापलं होतं. एखादा उंट सोडला असता तर त्यालाही शंका आली नसती. फक्त प्रत्येक घळीच्या तोंडाशी पाटी होती: कॅन्यन एक, कॅन्यन दोन, कॅन्यन तीन. आणि फाटकावर मोठा फलक: शांततेची वेळ दुपारी एक ते तीन, इंजिनं बंद.

"वाळवंट जेवायला बंद," मुक्ता म्हणाली. मुक्ता त्यांच्याच कॉलेजातली, लुडविग्सहाफेनला रसायनांच्या कारखान्यात केमिस्ट होती आणि तिचं तोंड कुठल्याही आम्लापेक्षा कमी जळजळीत नव्हतं.

फाटकावर फ्राऊ लेमान नावाच्या पासष्टीच्या बाई बसल्या होत्या, अंगात पिवळं जाकीट. त्यांनी प्रत्येकाकडून फॉर्म भरून घेतला. 'चालक' की 'सहप्रवासी', या प्रश्नावर सत्यजितने चालकावर फुली मारली. दिनकरने इतक्या झटकन सहप्रवासीवर मारली, की पेनाने कागद फाटला.

शुक्रवारची संध्याकाळ मजेत गेली. पोहे झाले, ठेचा झाला, सत्यजितने वाळूत कसं चालवायचं यावर भाषण दिलं. दिनकरने त्याच्या तीन चुका काढल्या. पुस्तकी ज्ञानात तो कुणाला हार जाणारा नव्हता.

शनिवारी सकाळी कॅन्यन तीनच्या तळाशी गाडी रुतली. सत्यजित म्हणाला, मी ढकलतो. मुक्ता म्हणाली, आधी फावडं घे. सत्यजितने फावडं घेतलं नाही. त्याने खांदा लावला, "जय भवानी" म्हणाला, गाडी हातभर पुढे सरकून वाळूतून मोकळी झाली आणि सत्यजित तिथेच काटकोनात राहिला. कमरेत उसण भरली होती. पुढेही होता येईना, मागेही. दोघांनी त्याला उचलून मागच्या सीटवर आडवा घातला, तेव्हा त्याच्या तोंडून जे शब्द निघाले ते भवानीला ऐकवण्यासारखे नव्हते.

"चल दिन्या, तू काढ गाडी," तो कण्हत म्हणाला.

"मुक्ता काढेल."

"माझं लायसन्स ऑटोमॅटिकचं आहे," मुक्ता म्हणाली. "क्लच मी आयुष्यात दाबलेला नाही. तू ऑटोमोबाइल इंजिनिअर आहेस ना? आता तत्त्व-बित्त्व बाजूला ठेव."

दिनकरने वर आकाशाकडे पाहिलं. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला भिंत, समोर चढ. लपायला जागा नव्हती.

"माझ्याकडे लायसन्स नाही," तो म्हणाला.

"तंबूत राहिलं का?"

"नाही. इथलं कधी मिळालंच नाही."

मागच्या सीटवरचं कण्हणं थांबलं. "म्हणजे?"

"म्हणजे तीनदा नापास. मग सोडून दिलं."

"आणि पर्यावरण?" मुक्ताने विचारलं.

"ते नंतर सुचलं."

मुक्ता एवढी हसली, की तिला वाळूत बसावं लागलं. सत्यजितही हसायला गेला, पण कमरेतून कळ आली आणि तो हसत हसत ओरडू लागला. दिनकरला मात्र वाटलं होतं तसं काही झालं नाही. धरणी दुभंगली नाही. उलट छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटलं, आणि त्याचाच त्याला राग आला. एवढंसं बोलायला एकोणीस वर्षं?

आवाज ऐकून फ्राऊ लेमान आपली चार चाकी मोटरसायकल घेऊन आल्या. मुक्ताने त्यांना सगळं सांगितलं, लायसन्ससकट. दिनकरला वाटलं, आता पोलीस. बाईंनी खांदे उडवले.

"ही खाजगी जागा आहे. इथे लायसन्स लागत नाही," त्या जर्मनमध्ये म्हणाल्या. "पण तुम्ही फॉर्मवर सहप्रवासी आहात. तसं चालणार नाही." आणि त्यांनी जाकिटाच्या खिशातून कोरा फॉर्म काढला. दिनकरने तो बॉनेटवर ठेवून भरला. 'चालक'वर फुली मारली आणि तो स्टिअरिंगमागे जाऊन बसला.

पहिल्यांदा गाडी बंद पडली. दुसऱ्यांदा बंद पडली. चौथ्यांदा तिने असा गचका दिला, की सत्यजितने त्याच्या सात पिढ्या काढल्या. मग दिनकर गप्प बसला आणि कानांनी ऐकायला लागला. आवाज हा त्याचा धंदाच होता. इंजिनाचा सूर खाली उतरला की क्लच थोडा दाबायचा, वर चढला की सोडायचा. पाचव्या वेळी गाडी हलली. वाळू चाकांखाली करकरली, भिंती मागे सरकू लागल्या. चढाच्या मध्यावर त्याचा पाय आपोआप मधल्या, ब्रेकच्या पेडलकडे वळला, तोच पाठीमागून फ्राऊ लेमान गरजल्या, "निश्ट ब्रेमझन!"

ब्रेक नको. बाईंना काय ठाऊक, त्या कुणाला सांगताहेत!

त्याने पाय मागे घेतला. गाडी फुरफुरत, डुलत, एका बाजूने भिंतीला मोहरीचा रंग लावत वर आली आणि पाटीपासून वीतभर अंतरावर थांबली. एक वाजायला चार मिनिटं होती. फ्राऊ लेमान यांनी घड्याळ बघून मान हलवली.

आता प्रश्न असा, की घरी गाडी नेणार कोण? रस्ता काही खाजगी नव्हता. दिनकरने नीताला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"त्यांना कळलं?" तिने आधी विचारलं.

"हो."

"अरेरे," नीता म्हणाली. तिचा आवाज खरोखरच हळहळलेला होता. भांड्यांचा हुकमी पत्ता गेला होता.

रविवारी अकराच्या सुमारास ती दोन ट्रेन बदलून स्टेशनवरून टॅक्सीने फाटकाशी पोचली. सत्यजित झाडाखाली चटईवर पालथा पडून सूचना देत होता, मुक्ता त्याच्या कमरेवर गरम पाण्याची बाटली फिरवत होती आणि समोर मोहरीच्या रंगाची गाडी धुरळा उडवत गोल गोल फिरत होती. नवरा आत आहे हे तिला आधी खरंच वाटेना.

गाडी तिच्यापुढे येऊन थांबली. दिनकरचा चेहरा वाळूने माखलेला, दात तेवढे दिसत होते.

"बस," तो म्हणाला.

"नको रे. मी आपली इथूनच बघते."

"एकोणीस वर्षं मी बसलो ना तुझ्या शेजारी? बस."

नीता बसली. बेल्ट लावला, पर्स पोटाशी धरली. कॅन्यन एकच्या तोंडाशी गाडी खाली झुकली, तसा तिचा उजवा पाय नसलेला ब्रेक शोधत जमिनीत रुतला. "हळू! अरे, हळू! उजवीकडे बघ!"

"उजवीकडे भिंत आहे."

"मग भिंतीकडे बघ!"

दिनकर मोठ्याने हसला आणि गिअर बदलला. गिअर पडला. नीताने डोळे मिटून घेतले, मग एक उघडला, मग दुसरा. तिसऱ्या फेरीला तिने पर्स मागच्या सीटवर फेकली आणि खिडकी खाली केली.

संध्याकाळी तिनेच सगळ्यांना घरी नेलं. सत्यजितला सरळ व्हायला बारा दिवस लागले. दिनकरने सोमवारी लंच ब्रेकमध्ये ड्रायव्हिंग स्कूलला फोन केला. पलीकडच्या मुलीने विचारलं, आधीचा काही अनुभव?

"वाळवंटातला," दिनकर म्हणाला.