पाळण्याच्या फळीवरची भरती

सत्त्याण्णव सालच्या फेब्रुवारीपर्यंत सगुणा म्हात्रेने सहा भाचरांना नावं दिली होती आणि सहाही नावं टिकली होती. थोरल्या भावाचा मुलगा मिठागराचा बांध फुटला त्या दिवशी जन्मला. त्याला तिने धीरज केलं. मधल्याची मुलगी मीठ ओढायच्या हंगामात आली. ती शुभ्रा झाली. धरमतर खाडीवरच्या तिच्या माहेरी नाव आत्याने द्यायचं असतं आणि सगुणा तिन्ही भावांची एकुलती बहीण. तिथे पुस्तक लागत नसे, सल्लागारही नसे. बाळंतिणीच्या खोलीत जाऊन पोर बघायची, बाहेर येऊन हवा बघायची आणि बारशापर्यंत कोणाला काही सांगायचं नाही, एवढीच तिची रीत.

सातव्या वेळी मात्र नाव छापून आलं.

धाकटा भाऊ हरेश ठाकूर रोह्याजवळच्या एका रसायनांच्या कंपनीत शिफ्टला जायचा आणि कुंडलिका नदीच्या पलीकडे अष्टमी गावात, सासऱ्यांच्या शेजारी, दोन खोल्यांत राहायचा. त्याची बायको नमिता ही दत्तात्रेय गुरुजींची मुलगी. गुरुजींनी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलं घडवली होती आणि निवृत्तीनंतर घडवायला कोणी उरलं नव्हतं. नमिताला मुलगी झाली. तीन आठवड्यांनी हरेश पेणला बहिणीकडे आला आणि त्याने पिशवीतून गुलाबी कार्ड काढलं. ‘आमच्या नातीचे नाव मनस्वी ठेवण्याचे योजिले आहे.’

सगुणा चौथी पास होती. तिने ते दोनदा वाचलं.

“मग मी येऊन करू काय?”

“कानात सांगायचं ना, ताई. ते तुझंच काम हाय.”

“कानात सांगायला मी कशाला? टेपरेकॉर्डर ठेवा पाळण्यात. बटण दाबा.”

“गुरुजींनी नावांचं अख्खं पुस्तक वाचलंय गो. दीडशे कार्डं छापली. आता त्यांना नाय कसं म्हणू?”

“मुंडावळ्या बांधल्या तेव्हाच हा गेला,” सगुणाचा नवरा रघू कोपऱ्यातून म्हणाला. रघू धरमतरला बार्जवर होता; बोलायचा कमी, पण नेमकं. “तू पाळण्याचं बघ. पाळणा तरी आत्याचाच लागतो ना? का तोपण छापलाय?”

पाळणा आत्याचाच, हे हरेशने कबूल केलं आणि चहा न पिताच एसटी गाठली.

त्या दिवसांत सगुणा पेणमध्ये खानावळ चालवत होती. डोलवीकडे एका कारखान्यात परदेशी यंत्रं बसत होती आणि ती बसवायला आलेले चार चिनी तंत्रज्ञ दोन्ही वेळा तिच्याकडे जेवत. पहिल्या आठवड्यात तिखटाने त्यांचे डोळे भरून यायचे, दुसऱ्या आठवड्यापासून ते सुक्या जवळ्याची चटणी मागून घ्यायला लागले. त्यांच्यातला दुभाषा शेन हिंदी शिकला होता, पण पुस्तकातून. तो म्हणायचा, “सगुणा बहन, कृपया थोड़ा लवण दीजिए.” मिठागरावर जन्म गेलेल्या बाईला हे ऐकून पहिल्यांदा वाटलं, हा काही तरी औषध मागतोय.

कार्ड आलं त्या दुपारी तिचा चेहरा बघून शेनने विचारलं आणि तिने सांगितलं. तिच्या हिंदीत मराठी निम्म्याहून जास्त होतं, पण त्याला कळलं. त्याने आमटीत बोट बुडवलं आणि टेबलावर अक्षर काढलं.

चिनी नावाला अर्थ असतो, तो म्हणाला, आणि अक्षराच्या पोटात लहान अक्षरं असतात. त्याचा सोबती लिन: एक झाड, शेजारी दुसरं झाड. लिन म्हणजे रान.

“म्हणून जेवताना बोलत नाय,” सगुणा म्हणाली.

शेनच्या स्वतःच्या आडनावात डाव्या अंगाला तीन थेंब होते. ते तीन थेंब म्हणजे पाणी. ज्या अक्षराच्या डावीकडे हे दिसतील, त्याचा पाण्याशी काही तरी संबंध. मूल जन्मलं की घरातले मोठे वेळ बघून हिशोब करतात: पाणी, आग, लाकूड, धातू, माती यांतलं काय कमी पडलं. जे कमी, ते नावात घालायचं. त्याच्या मुलीला आग कमी होती, म्हणून तिचं नाव येन. येन म्हणजे एकावर दोन अशा तीन आगी.

“तीन?” सगुणाने कपाळाला हात लावला. “सासरच्यांना कळेल एक दिवस. कोणी दिलं हे नाव? आत्याने?”

“नहीं. मेरे पिताजी ने.”

“आणि आत्या काय करते?”

शेनने जरा आठवलं. आत्या आली होती. महिना झाल्यावर जेवण असतं, तेव्हा लाल रंगवलेली अंडी खाऊन गेली.

“म्हणजे आमचे गुरुजी चिनी निघाले,” सगुणा म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

पण ती रीत तिच्या डोक्यात राहिली. काय कमी आहे ते बघायचं आणि ते घालायचं. पोर रोह्यात वाढणार. नळाचं पाणी, कंपनीचा भोंगा, दारात स्कूटर. खाडी नाही, चिखल नाही, मिठागर नाही. कमी काय, हे सांगायला पंचांग नको होतं. पोरीला पाणी हवं, तेही खारं. तिच्या तोंडात त्याला एकच शब्द होता आणि तो तिने रीतीप्रमाणे कोणाला सांगितला नाही.

त्या यंत्रांच्या खोक्यांच्या फळ्या जेट्टीवर भंगारात विकल्या जात. रघूने पाळण्यासाठी हलक्या, पांढऱ्या लाकडाच्या फळ्या आणल्या, त्यात एकीवर काळ्या रंगात मोठी दोन चिनी अक्षरं होती. दुसऱ्याच्या डाव्या अंगाला तीन थेंब. सगुणाने बोट ठेवलं.

“पाणी,” ती म्हणाली. “हे घासू नको. ही फळी पुढे लाव.”

“शेनला तरी विचार काय लिहिलंय.”

“मला वाचता येतं.”

पेणच्या सुताराने पाळणा झकास केला. बारशाच्या दिवशी तो एसटीच्या टपावर बांधून सगुणा आणि रघू रोह्याला निघाले. सोबत शेनही होता, कोरा शर्ट घालून. त्याला सगुणानेच आग्रहाने बोलावलं होतं. पाळणा बघून तो चकित होईल अशी तिची खात्री होती.

तो चकित झाला. अष्टमीतल्या त्या दोन खोल्यांत चाळीस बायका, गुरुजी, गुरुजींचे शाळेतले जुने सोबती एवढी गर्दी होती. हरेशने पाळणा टांगला, शेनने फळी वाचली आणि तो इतका हसला की लिमलेटची गोळी घशात अडकली.

“काय लिहिलंय?” गुरुजींनी विचारलं. न समजणारं अक्षर समोर असणं त्यांना सहन होत नसे.

शेनने शब्द शोधले. “नमी से बचाइए. सामान गीला न हो.”

“म्हणजे ओल लागू देऊ नका!” हरेश ओरडला. सगळं घर हसलं. पाळण्यातल्या बाळाने त्याच वेळी पहिलं दुपटं भिजवलं, त्यामुळे हसणं लवकर थांबेना.

सगुणा हसली नाही. पोरीला पाणी द्यायला निघालेल्या आत्याने पाळण्यावर पाणी अडवायची सूचना ठोकून आणली होती. “मला वाचता येतं,” हे वाक्य रघूने पुन्हा उच्चारलं नाही, ही त्याची सज्जनता. पण त्याने तिच्याकडे बघितलं.

“थेंब तर हायत,” ती शेनला म्हणाली. “मी चुकले कुठे?”

“चूक नहीं,” शेन म्हणाला. गुरुजींनी तोवर घरातली पाटी आणि खडू त्याच्या पुढ्यात ठेवले होते. त्याने ते अक्षर मोडून दाखवलं. ही वर-खाली गवताची काडी. मधे सूर्य. शेजारी चंद्र. सूर्य गवतातून वर येतोय आणि चंद्र अजून मावळला नाही, म्हणजे सकाळ. सकाळच्या डावीकडे पाणी ठेवलं की झाली समुद्राची भरती. खोक्यावर त्याचा अर्थ ओल एवढाच, पण मूळ अर्थ भरती.

सगुणाने पाटी हातात घेतली. “पाणी, सूर्य आणि चंद्र. हे लिहिणारा खाडीवरचा असणार.”

“बाबा, मुहूर्त!” आतून नमिता ओरडली.

सगुणा उठली आणि पाळण्यावर वाकली. बायका तिच्या पाठीमागे हात सरसावून उभ्या राहिल्या. आत्याच्या पाठीत धपाटे घालायची ही वर्षातली हक्काची वेळ. तिने बाळाच्या कानाशी तोंड नेलं. “कुर्रर्र...” धपाटे पडले. धपाट्यांच्या मधोमध तिने नाव सांगितलं.

“काय सांगितलं, ते मोठ्याने सांगा,” एक म्हातारी म्हणाली.

“दर्या.”

गुरुजी शेनपुढचा खडू उचलून पुढे आले.

“सगुणाताई, कार्डावर मनस्वी आहे.”

“कार्ड तुमचं, गुरुजी. कान पोरीचा हाय.”

“पण कारण? नावाला कारण लागतं. मी पुस्तक चाळून नाव काढलं. तुम्ही कशावरून काढलं?”

हा प्रश्न सगुणाला गेल्या सहा बारशांत कोणी विचारला नव्हता. तिने हात पदराला पुसले.

“पोर जन्मली कधी?”

“वद्य अष्टमी. सकाळी सहा वाजून दहा मिनिटं,” गुरुजी म्हणाले.

“आठ तिथी. आठ त्रिक चोवीस, त्याला चाराने भागा. किती?”

“सहा.”

“सहा वाजता भरती. आमच्याकडे असंच काढतात. अष्टमीचा चंद्र पहाटे कुठे असतो?”

गुरुजींनी वर छताकडे बघितलं. “माथ्यावर.”

“मावळलेला नाय. आणि सूर्य उगवायच्या बेतात. पाणी, सूर्य, चंद्र, तिन्ही तिथे होते. भरती लहान होती, भांगाची, ते मी लपवत नाय. पण भरतीच. माझं नाव मी आधीच ठरवलं होतं; हे फळीवर आहे ते मला आत्ता कळलं.”

गुरुजींनी पाटीवर आठ गुणिले तीन भागिले चार असं स्वतः मांडून बघितलं. मग ते शेनकडे वळले. “बराबर है?”

“उत्तर बिल्कुल शुद्ध है,” शेन म्हणाला.

“दहापैकी नऊ,” गुरुजी म्हणाले. एकतीस वर्षांत त्यांनी कोणाला दहा दिले नव्हते. “फळीवर अक्षरं दोन आहेत. पहिलं तुम्ही सोडलंत.”

सगुणाने शेनला विचारलं. पहिल्याच्या डाव्या अंगाला मातीचा उंचवटा होता. अर्थ: अडवणे.

“म्हणजे बांध,” ती म्हणाली. “ते नाय सोडलं, गुरुजी. ते तुम्ही. भरती अडवायला उभे आहात.”

आधी नमिता हसली. मग गुरुजींची बायको आनंदीबाई हसली, जरा जास्तच, जणू पुष्कळ वर्षांचं साठलेलं होतं. शेवटी गुरुजींनी खडू खिशात टाकला.

“बांध फुटला,” ते म्हणाले. “लिहा. दर्या हरेश ठाकूर.”

सगुणाला आत्याची साडी मिळाली, हिरवी. शेन घुगऱ्या दोन वेळा मागून खाऊन गेला. लाल अंडी नव्हती, याबद्दल त्याने तक्रार केली नाही. नगरपालिकेत नाव नोंदवायला गुरुजी स्वतः गेले आणि कारकुनाला त्यांनी भरतीचं गणित समजावून सांगितलं. उरलेली कार्डं त्यांनी फेकली नाहीत. मनस्वी पुढच्या नातीसाठी राखून ठेवलं. सगुणाने मात्र त्याही बाळंतपणाची वेळ कळवायला सांगून ठेवलंय.

बारशाच्या दिवशी त्या पाळण्यातली दुपटी चार वेळा बदलावी लागली. फळीवरच्या सूचनेकडे कोणी लक्ष दिलं नाही.